कर्णधाराचा क्रोध

आयर्लंडचा फुटबॉलपटू रॉय कीन याचे नाव निघाले की आजही दोन तट पडतात. एकास तो निर्भीड कर्णधार वाटतो, दुसऱ्यास निव्वळ आडदांड. आमच्या मते त्याचा क्रोध कोणावर आणि कशासाठी उगारला गेला, हे पाहिल्यावाचून त्याचा न्याय करता येणार नाही.

कॉर्क शहरातील या लहान चणीच्या मुलाला इंग्लिश क्लबांनी प्रथम नाकारले होते. पुढे १९९३ साली मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी ३७ लाख ५० हजार पौंड मोजले. ब्रिटनमधील तो तेव्हाचा विक्रम. १९९७ साली तो कर्णधार झाला. १९९९ च्या एप्रिलमध्ये तुरीन येथे युव्हेंटसने अकरा मिनिटांत दोन गोल चढविले असता पहिली परतफेड कीननेच केली. पुढे पंचांनी त्याला पिवळे कार्ड दाखविले. संघ जिंकला तरी आपणास अंतिम सामना वर्ज्य, हे कळूनही त्याची धाव तसूभर मंदावली नाही.

अशा माणसास २००२ च्या विश्वचषकापूर्वी सायपान बेटावर दगडासारखे टणक मैदान मिळाले. सरावाचे साहित्यही वेळेवर पोचले नाही. त्याने वृत्तपत्रापाशी तक्रार केली, व्यवस्थापक मॅकार्थी यांनी सर्वांदेखत जाब विचारताच शिव्यांची लाखोली वाहिली, आणि त्याची घरी रवानगी झाली. शिव्यांचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु स्वर कर्कश असला म्हणून तक्रार खोटी ठरते काय? त्याच वर्षी आयरिश संघटनेने नेमलेल्या सल्लागारांनीच तिच्या ढिसाळ कारभारावर बोट ठेवले आणि सरचिटणीसांना पायउतार व्हावे लागले.

हालांडप्रकरणी मात्र कीनची बाजू घेणे अशक्य आहे. १९९७ साली लीड्सच्या या खेळाडूस पाडू जाता कीनचा स्वतःचाच गुडघा दुखावला, वर ढोंगीपणाचा आरोप ऐकावा लागला. तो सल साडेतीन वर्षे जपून २००१ साली त्याने हालांडच्या गुडघ्यावर लाथ घातली. आत्मचरित्रात हेतू उघड होताच ५ सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंड दंड झाला. व्यावसायिक खेळाडूचे पोट त्याच्या पायांवर चालते. त्यावर सूड उगविणे यास शौर्य म्हणणारे धन्य होत!

२००५ साली सहकाऱ्यांच्या ढिलाईवर त्याने क्लबच्याच दूरचित्रवाणीसाठी कोरडे ओढले. ती मुलाखत क्लबने प्रक्षेपित होऊ दिली नाही, आणि नोव्हेंबरात कीन युनायटेडबाहेर पडला.