बंदराचे दार आणि दूरचे शेत

आपल्या मेहकरहून समुद्र शेकडो मैल दूर. तेव्हा बंदरावरील बंदीहुकुमाशी आपला काय संबंध, असे एखाद्या विद्यार्थ्यास वाटणे साहजिक आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास पाहिला, म्हणजे हा संबंध किती निकटचा आहे हे ध्यानी येते.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींना न विचारताच हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. पुढे अनेक जिनसा परवान्यावाचून देशाबाहेर पाठविण्यास मनाई झाली. आपला माल शत्रूच्या हाती पडू नये, हा हेतू. तो गैर होता असे कोणी म्हणणार नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली?

आखूड धाग्याच्या देशी कापसाचे मोठे गिऱ्हाईक तेव्हा जपान होते. दख्खनच्या काळ्या जमिनीतील कापूस मुंबईस जाई व तेथून जहाजावर चढे. आपला बिदर जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्यास स्वतःचे बंदर नव्हते. जुलै १९४१ मध्ये ब्रिटिश साम्राज्याने जपानची मालमत्ता गोठविली. डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि ते दार पुरतेच मिटले. आखूड धाग्याच्या कापसाचे भाव कोसळले. ज्याचे बी आधीच जमिनीत पडले होते, त्या शेतकऱ्याने काय करावे? १९४२ मध्ये परदेशी कापसावर जादा जकात बसवून सरकारला त्याच्या साहाय्यासाठी निधी उभारावा लागला. जो दार लावतो, त्यानेच आत अडकलेल्याची काळजी वाहिली पाहिजे, हे परक्या सरकारलाही नाकारता आले नाही.

याचा अर्थ निर्यातबंदी नेहमीच वाईट असा नव्हे. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला व तेथील तांदूळ बंद झाला, तरी इकडून सिलोनला तांदूळ जातच राहिला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लक्ष माणसे मेली. तेव्हा प्रश्न दार उघडे की बंद एवढाच नाही. ते कोणाच्या हितासाठी आणि कोणाला विचारून लावले जाते, हा खरा प्रश्न आहे.

युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर १३ मे २०२२ रोजी भारताने गव्हाची निर्यात थांबविली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याचीही थांबविली. शहरातील चूल स्वस्त राहावी, हे योग्यच. परंतु तिचा भार एकट्या शेतकऱ्याच्या खांद्यावर का? स्वस्ताईचा लाभ सर्वांनी घ्यावा आणि तोटा एकाने सोसावा, हा न्याय नव्हे.

विद्यार्थीमित्रहो, १९३९ साली आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी विचारले नाही. आज मत देण्याचा अधिकार आपला आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी अधिकारी होऊन अशा हुकुमावर सही करील. तेव्हा लेखणी उचलण्यापूर्वी त्याने एकदा आपल्या गावच्या शिवाराकडे पाहावे, एवढीच अपेक्षा.