तीन गोळ्यांचा पुरावा

बबीनाच्या रेंजवरून संध्याकाळी तंबूत परतलो, तर एनडीएतल्या कोर्समेटने फोटो पाठवलेला. फौज सोडून तो टेक्सासला स्थायिक झालाय आणि पॉइंट ३०८ ची काडतुसं गॅरेजमध्ये स्वतः भरतो. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा आहे, तेव्हा कुणी उत्साहात येऊ नये.) फोटोत दोन टार्गेटं, खाली ओळ: ‘गोळी पाच थाऊ खोल बसवली, ग्रुप निम्मा झाला!’

मुद्दा निराधार नाही. गोळी केसमध्ये किती खोल बसते, त्यावर दोन गोष्टी ठरतात: बॅरलच्या चरांना भिडण्याआधी ती किती मोकळं अंतर कापते, आणि केसमध्ये दारूला किती जागा उरते. खोल बसवली तर जागा घटून दाब वाढतो. चरांना टेकेल इतकी बाहेर ठेवली तरी दाब वाढतोच. त्यात फायरिंगने बॅरलचा घसा झिजतो आणि ते अंतर हळूहळू बदलत जातं.

माझं भांडण पुराव्याशी आहे. पाच थाऊ म्हणजे जेमतेम ०.१३ मिलिमीटर. त्याचा निकाल तीन गोळ्यांवर? काहीही न बदलता तीन-तीन राउंड मारत बसा. एक ग्रुप दुसऱ्याच्या निम्मा सहज निघेल. त्याच रायफलीचा दहा राउंडांचा ग्रुप तीनच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपटीहून मोठा येतो. आणि लांब गेलेली गोळी ‘फ्लायर’ म्हणून वगळायची? अरे, तीही त्याच बॅरलमधून गेली ना!

मी त्याला लिहिलं, दोन्ही मापांचे दहा-दहा राउंड मार, एकही वगळू नकोस. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: ‘जवळपास सारखेच.’ त्यापुढे एक शिवी होती, ती इथे देत नाही.

पण मला हसण्याचा अधिकार नाही. कॅप्टन असताना झिरोइंगला मी एका जवानाला दर तीन राउंडांनंतर साइट फिरवायला लावली. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मी योगायोगाच्या मागे धावत होतो आणि तो बिचारा ‘जी साब’ म्हणत होता. शेवटी मी शेरा मारला: फायरर कमजोर. कंपनीच्या टीममधून त्याचं नाव गेलं. काही महिन्यांनी आमच्या एका जुन्या हवालदाराने साइटला हात न लावता त्याच्याकडून दहा राउंड मारून घेतले. ग्रुप घट्ट होता, फक्त थोडा खाली. एकच दुरुस्ती, काम संपलं. मी त्या मुलाची माफी मागितली. स्पर्धा मात्र तोवर होऊन गेली होती.

राउंड मोजूनच मिळतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच तर सांगतो: राउंड कमी असतील तर निष्कर्षही कमी काढा. निदान तीन भोकांवरून माणसाची किंमत ठरवू नका.