आधीं मंजुरी, मग मोहीम

शेतकऱ्यांच्या मासिकांत परदेशच्या लढायांचा विषय कशास, असें कित्येक वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, आज नांगरट ट्रॅक्टरनें होते, मळणी यंत्रानें होते, आणि माल बाजारीं ट्रकनें जातो. हीं सर्व कामें डिझेलवर चालतात, आणि ज्या खनिज तेलापासून डिझेल निघतें त्याचा शंभरांतील ८५ हून अधिक भाग आपला देश बाहेरून विकत आणतो. युरिया करण्यास लागणाऱ्या वायूचाहि मोठा भाग परदेशांतून येतो. म्हणून इराणच्या आखातांत किंवा तांबड्या समुद्रांत तोफ उडाली कीं तिचा हिशेब आमच्या बांधावर येऊन पोहोंचतो.

तेव्हां एखाद्या सरकारनें आपलें सैन्य परमुलखांत धाडावयाचें झाल्यास त्याला कोणी व केव्हां जाब विचारावा, हा प्रश्न केवळ मुत्सद्द्यांचा नव्हे. आमची उभी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. तेथें पहिला धडा मिळतो तो हा कीं, मंजुरी आधीं आणि खर्च मागून. बिनमंजुरीचा खर्च कितीहि चांगल्या हेतूनें केलेला असो, हिशेबतपासणींत तो करणाऱ्याच्याच अंगावर पडतो. राज्यांनाहि हाच नियम लागू आहे, आणि तो जेथें लख्ख दिसून आला असें प्रकरण म्हणजे १९५६ सालचें सुएझ कालव्याचें होय.

त्या वर्षीं २६ जुलै रोजीं इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनीं सुएझ कालव्याची कंपनी राष्ट्राच्या मालकीची केली. कंपनींत इंग्रज सरकारचा आणि फ्रेंच भागीदारांचा पैसा गुंतलेला होता. शिवाय पश्चिम युरोपास लागणाऱ्या तेलाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग त्याच वाटेनें जात असे. आपला गळा नासर यांच्या मुठींत आला, असें इंग्लंडचे मुख्य प्रधान ईडन यांस वाटलें. ही भीति अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या मळ्यास पाणी एकाच पाटानें येतें, त्यास पाटाच्या नव्या मालकाची धास्ती वाटावयाचीच. परंतु त्या भीतीवर योजिलेला उपाय पाहावा.

ऑगस्टांत लंडन येथें परिषद भरली. आपल्या देशाच्या वतीनें कृष्ण मेनन यांनीं तेथें तडजोडीची सूचनाहि मांडली. वाटाघाटींचें दार उघडें असतांच ऑक्टोबरांत पॅरिसजवळ सेव्र येथें इंग्लंड, फ्रान्स व इस्राएल यांच्यांत गुप्त करार झाला. इस्राएलनें इजिप्तवर चालून जावें, आणि मग भांडणाऱ्या दोघांस दूर सारण्याचें निमित्त करून उरलेल्या दोघांनीं कालवा ताब्यांत घ्यावा, असा तो बेत होता. २९ ऑक्टोबरला हल्ला झाला, ३१ पासून विमानांनीं बाँब टाकले, आणि ५ नोव्हेंबरला पोर्ट सैद येथें सैन्य उतरूं लागलें. पार्लमेंटला हा करार सांगितला गेला नाहीं. इतकेंच नव्हे, तर इस्राएलच्या हल्ल्याची आपणांस पूर्वकल्पना नव्हती, असें ईडन यांनीं २० डिसेंबर रोजीं भर सभागृहांत सांगितलें.

आतां तेलाचें काय झालें तें पाहूं. इजिप्तनें जहाजें बुडवून कालवा बुजविला. सीरियांत इराकच्या तेलाच्या नळावरील पंपांचीं ठाणीं उडविण्यांत आलीं. सौदी अरेबियानें इंग्लंड-फ्रान्सला तेल देणें थांबविलें. ज्या तेलाची वाट मोकळी राखण्याकरितां मोहीम निघाली, ती वाट मोहिमेनेंच बंद पाडली. इंग्लंडांत १७ डिसेंबरपासून पेट्रोल शिधापत्रिकेवर मिळूं लागलें आणि तें बंधन पुढील वर्षाच्या मे महिन्यापर्यंत टिकलें. आपल्या देशाचा युरोपशीं चालणारा व्यापारहि याच कालव्यानें होत असे. त्या जहाजांस आफ्रिकेस वळसा घालून जावें लागलें. आम्हांस या युद्धाविषयीं कोणी विचारलें नव्हतें, पण त्याच्या खर्चांत आमचा वाटा धरला गेला.

पार्लमेंटची मर्यादा चुकविली म्हणून ईडन यांस कोणतीच मर्यादा उरली नाहीं, असें मात्र झालें नाहीं. ती मागाहून आली आणि परक्याच्या हातून आली. राष्ट्रसंघाच्या साधारण सभेनें २ नोव्हेंबरला ६४ विरुद्ध ५ मतांनीं लढाई थांबविण्यास फर्माविलें. पौंडावरचा विश्वास उडूं लागून इंग्लंडची गंगाजळी झपाट्यानें घटली. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं सैन्य परत घेण्याचें ठरेपर्यंत कर्जहि मिळूं दिलें नाहीं आणि तेलाची मदतहि अडवून धरली. ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीं तोफा थांबल्या. सैन्य मागें घेण्याचें कबूल झाल्यावरच डिसेंबरांत नाणेनिधीकडून सुमारें ५६ कोटि डॉलर मिळाले. ९ जानेवारी १९५७ रोजीं ईडन यांनीं राजीनामा दिला. कालवा एप्रिलांत पुन्हां सुरू झाला, तो इजिप्तच्याच ताब्यांत. आणि भागीदारांच्या भरपाईचा प्रश्न १९५८ सालीं बोलणीं करूनच मिटला. म्हणजे घरच्या सभेस जें विचारलें नाहीं, तें सावकारानें दारांत उभें राहून विचारलें.

यावर असा आक्षेप निघतो कीं, युद्धाचा निर्णय सभेंत चर्चा करीत बसून होत नाहीं; वेळ दवडला तर शत्रु पुढें सरकतो. स्वतःच्या सरहद्दीवर शत्रु चालून आला असतां हें म्हणणें खरें आहे, आणि तेथें कोणीहि शहाणा मनुष्य मतमोजणीची वाट पाहावयास सांगणार नाहीं. परंतु सुएझ प्रकरणांत २६ जुलैपासून २९ ऑक्टोबरपर्यंत तीन महिने हातांत होते. उणीव वेळेची नव्हती. विचारलें तर होकार मिळेल, याची खात्री नव्हती. ज्या बेतास घरचीं माणसें संमति देतील असा भरंवसा वाटत नाहीं, तो बेत पुन्हां तपासून पाहावा, हेंच शहाणपणाचें.

केवळ कायदा केल्यानें भागतें असेंहि नाहीं. व्हिएतनामच्या अनुभवानंतर अमेरिकेच्या काँग्रेसनें नोव्हेंबर १९७३ मध्यें अध्यक्षांचा नकार डावलून कायदा केला. सैन्य लढाईंत घातल्यास ४८ तासांत कळवावें, आणि काँग्रेसची संमति न मिळाल्यास ६० दिवसांनंतर तें आवरतें घ्यावें, असा त्याचा आशय आहे. पुढें दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनीं त्यांतून पळवाटा काढिल्या. कायद्याच्या पाठीशीं जागें लोकमत नसेल तर तो कुंपणावांचून राखलेल्या पिकासारखा होय.

आपल्या घटनेंत परदेशीं सैन्य धाडण्यापूर्वीं संसदेची संमति घ्यावी असें स्पष्ट कलम नाहीं. तरी एक चांगलें उदाहरण आपल्यापाशीं आहे. २००३ सालीं अमेरिकेनें तेलसंपन्न इराकवर स्वारी केली, तेव्हां आपल्या संसदेनें एप्रिलांत तिची निंदा करणारा ठराव केला. पुढें तेथें सैन्य धाडण्याची मागणी आली असतां, राष्ट्रसंघाचा स्पष्ट आदेश नसल्यानें सरकारनें जुलैंत नकार कळविला. सभागृहांत आधीं बोललेला शब्द अशा वेळीं सरकारच्या पाठीचा कणा होतो.

म्हणून आमची सूचना एवढीच कीं, आपल्यावर हल्ला झाला नसतां सैन्य परमुलखांत धाडावयाचें तर संसदेंत आधीं चर्चा व मतदान व्हावें. आणि त्या वेळीं मोहिमेच्या खर्चाबरोबरच तेल, खत व जहाजाचें भाडें यांवर काय परिणाम होईल, याचाहि अंदाज सरकारनें मांडावा. विहिरीच्या कर्जास सात-बाराचा उतारा जोडावा लागतो. लढाईस तेवढाहि कागद नको काय? मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास आपल्या संघाच्या सभासदांनीं हा प्रश्न नम्रपणें पण निक्षून विचारावा, अशी आमची विनंति आहे.