फवारणी व्यर्थ नाही, पण सरसकटही नको

‘सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी म्हणजे दुकानदाराचा धंदा’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत अर्धेच खरे आहे. जरबेराच्या कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, तेव्हा मातीत लोह नसतेच असे नाही. हरितगृहात लाल मातीचे गादीवाफे केले तरी बायकार्बोनेटयुक्त पाण्याने सामू चढत जातो आणि असलेले लोह मुळांना मिळेनासे होते. अशा वेळी जमिनीत टाकलेले फेरस सल्फेटही तिथेच अडकते; पानावाटे दिलेले लोह ही अडचण टाळते. मात्र लोह झाडात फारसे सरकत नाही, म्हणून नव्या पानांसाठी पुन्हा फवारावे लागते. दुकानदाराचे फावते ते इथे.

‘मग सामूच दुरुस्त करा’ हा आक्षेप रास्त आहे, आणि कोकोपीटच्या कुंड्यांत ते जमतेही. चुनखडी जमिनीतल्या गुलाबाला ते सहजी साधत नाही; तिथे फवारणीच उपयोगी. पण कमतरता नसताना सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण फवारून फुलाचा दांडा लांबेल ही आशा व्यर्थ. बोरॉनच्या बाबतीत तर गरज आणि विषबाधा यांत अंतर इतके थोडे, की मात्रा जराशी वाढली तरी पानांच्या कडा करपतात. तेव्हा फूल उत्पादकांनी माती, पाणी आणि पानांची तपासणी केल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नये.

— एक वाचक