लिंबूटिंबूंची दया

अपंग मुलांना शाळेत बसावयास जागा द्यावी, याविषयी सुशिक्षित मंडळींत आता उघड मतभेद उरलेला नाही. मतभेद सुरू होतो तो मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर. वर्गात एका बाकावर बसणारी दोन मुले मैदानाच्या कडेशी येताच विभक्त होतात. एक डावात शिरते, दुसऱ्याच्या हाती गुण मांडण्याची वही दिली जाते. ही व्यवस्था करणारे गुरुजी निर्दय असतात असे मुळीच नाही. ते फार दयाळू असतात, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे.

कायद्यात संदिग्धता नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेस अडथळाविरहित वाट व खेळाचे मैदान ही दोन्ही आवश्यक ठरविली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे १६ वे कलम तर शिक्षणाबरोबर खेळाची व करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे बजावते. आम्ही पाहिलेल्या शाळांनी यांतून उताराची फरशी तेवढी उचलली. ती व्हरांड्यापर्यंत जाते व तेथेच संपते.

यावर ठरलेला आक्षेप असा, की नियम वाकविले तर खेळ राहतच नाही. असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच अंगणातले खेळ कधी नीट पाहिले आहेत की नाहीत, अशी शंका येते. लंगडीत पकडणारा आपला एक पाय स्वखुशीने सोडून देतो. आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधल्यावाचून राज्य घेता येत नाही. हुतुतूत दम कोंडावयाचा, खो-खोत पाठलाग करणाऱ्याने मधली पाटी ओलांडावयाची नाही. अंगातली एखादी शक्ती आपण होऊन बाजूस ठेवावयाची व उरलेल्या शक्तीवर झुंजावयाचे, यालाच आपण खेळ म्हणत आलो. मग जिच्या ठायी ती शक्ती मुळातच नाही, तिच्यासाठी एक अट बदलताना आकाश का कोसळावे? शिवाय हे नियम अपौरुषेय थोडेच आहेत! खो-खोचे नियम बसविण्यास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली समितीच नेमली होती.

अंधांचे क्रिकेट पाहावे. चेंडूत खुळखुळणारे छर्रे असतात. तो हात खालून टाकावयाचा आणि खेळपट्टीच्या मध्यापूर्वी त्याने टप्पा घेतलाच पाहिजे. पूर्ण अंध फलंदाजाची एक धाव दोन धरतात. त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९८ साली दिल्लीत झाली. तेथे त्रिफळा उडाला की फलंदाज बाद. त्याला कोणी गोंजारीत बसत नाही. हाच चेंडू शाळेत आणून डोळस मुलांनी पट्टी बांधली, तर कोण कोणास शिकवील?

काही शाळा मात्र म्हणतात, आम्ही खेळावयास घेतो की! घेतात, पण लिंबूटिंबू म्हणून. धाकट्या भावंडाला डावात घ्यावयाचे, परंतु त्याला बाद धरावयाचे नाही व त्याच्यावर राज्य येऊ द्यावयाचे नाही, ही आपल्या घरांतली जुनी माया. चार वर्षांच्या पोराला ती पुरते, कारण आपण लवकरच पक्के गडी होणार, हे त्याला ठाऊक असते. दहा वर्षांच्या, चाकांच्या खुर्चीवरल्या मुलीला तशी आशा कोणी ठेविली आहे? तिला कोणी पकडीत नाही, टाळ्या मात्र पुष्कळ वाजवितात. त्या टाळ्यांचा अर्थ तिला कळतो. बाद झाल्याविना रडी नाही, भांडण नाही, दुसऱ्या दिवशीची गट्टी नाही.

इजेची भीती म्हणाल, तर गुडघे सर्वांचेच फुटतात. जपावे जरूर, पण त्यासाठी तिला खेळाबाहेर ठेवावयास नको. खुर्चीला हात लागला की बाद धरावयाचे, की खांद्याला, हे गुरुजींनी ठरवू नये. तिला मध्ये घेऊन मुलांनीच ठरवावे. त्यांना असले करार पाच मिनिटांत जमतात.

येत्या स्नेहसंमेलनात अशा मुलांकडून स्वागतगीत म्हणवून घेण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी पालकांना एवढेच सांगावे: वर्षभरात त्यांच्यावर राज्य किती वेळा आले?