जुना संगणक: खोडवा ठेवायचा की मोडायचा?



आज पिकाचं नाही, घरातल्या संगणकाचं बोलतो. २०१३ चा आहे. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. डाळिंबाच्या फवारणीच्या नोंदी, उसाची बिलं, मजुरीचा हिशोब, माती परीक्षणाचे अहवाल, सगळं त्यातच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. दुकानदार म्हणाला, "भंगारात घाला, नवा घ्या."

मला हे पटलं नाही. खोडवा मोडताना आपण फुटवे बघतो, नांग्या बघतो, गवताळ वाढ आहे का ते बघतो. नुसतं वय बघून मोडत नाही. मग संगणकाला वेगळा न्याय का?

काही जण अटी चुकवून विंडोज ११ बसवतात. चालतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट खात्री देत नाही. ज्यावर बँकेचं काम करायचं, तिथे ही जोखीम मी घेणार नाही. विंडोज १० तसंच ठेवून नेट वापरणं तर त्याहून वाईट.

मी आधी सगळ्या फायली दोन ठिकाणी काढून ठेवल्या. मग जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, रॅम ८ जीबी केली. निम्मं दुखणं तिथेच गेलं. नंतर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बसवली. ती फुकट आहे. न बसवता पेनड्राइव्हवरून चालवून वाय-फाय, प्रिंटर तपासता येतो. ते आधी कराच.

सातबारा, महाडीबीटी, बँक ही कामं ब्राउझरमध्ये होतात. एक्सेलच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. पण टॅली त्यावर थेट चालत नाही, जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायली त्रास देतात, डिजिटल सहीचं टोकनही अडू शकतं. ज्याचं काम यावरच आहे, त्याने नवा घ्यावा. उगाच हट्ट नको.

बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसात एआय आणलं. उपग्रह, सेन्सर यांचं जड गणित दूरच्या सर्व्हरवर होतं, आपल्या हाती फोनवर सल्ला येतो. म्हणजे घरचं मशीन ताकदवान नसलं तरी चालेल. ते सुरक्षित हवं आणि नोंदी शाबूत हव्यात. निर्यातीच्या मालाची फवारणी नोंद मागितली, तर "संगणक बंद पडला" हे उत्तर कोण ऐकून घेणार?

खोडवाही कायमचा ठेवत नाही. मदरबोर्ड गेला की हाही मोडणार. पण पीक उभं असताना नांगर घालायचा नाही, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्या घरी काय परिस्थिती आहे? नक्की सांगा.