रात्री चारदा उठावे लागते, त्याचे काय?

गुडघेदुखी, दमा, मूळव्याध यांबद्दल आपली वडीलधारी मंडळी चारचौघांत बोलतात. पण रात्री लघवीला किती वेळा उठता, असे विचारले की विषय बदलतात. फार तर, "वय झालं, आता असंच चालायचं," म्हणतात. वय झाले हे काही रोगाचे नाव नव्हे, असे आम्हाला वाटते.

रात्रीतून एकदा उठावे लागले तर काळजी नको. रोज दोन किंवा अधिक वेळा उठावे लागून झोपेचे खोबरे होत असेल, तर मात्र कारण शोधावे. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीरात एक हार्मोन असते. वयाबरोबर ते कमी पडते, हे खरे. पण त्याच्या आड मधुमेह लपलेला असू शकतो. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असू शकते, स्त्रियांत लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. घोरण्याचाही संबंध आहे. झोपेत श्वास अडकत राहिला तर हृदयावर ताण येतो आणि लघवी जास्त तयार होते. नवरा घोरतो ही बायकोची तक्रार आणि उठावे लागते ही नवऱ्याची, दोन्हींचे मूळ एकच निघू शकते.

आता पायांची गोष्ट. पहारेकरी, सफाई कामगार, दिवसभर ओट्याशी उभ्या राहून पोळ्या लाटणाऱ्या भगिनी, यांच्या पायांवर संध्याकाळी सूज दिसते. आडवे झाले की पायांतले ते पाणी रक्तात परत येते आणि मूत्रपिंडे ते रात्रभर बाहेर काढीत बसतात. म्हणून कामावरून आल्यावर तासभर, गादीच्या वळकटीवर पाय उंच ठेवून पडावे. म्हणजे ते पाणी झोपण्यापूर्वीच निघून जाते. सुनेने किंवा मुलाने याला आळस म्हणू नये! पण सुजेबरोबर धाप लागत असेल तर आधी डॉक्टर. मिठावरही हात आखडता घ्यावा. सुकट, पापड, लोणचे रात्रीच्या ताटात नसलेलेच बरे.

चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, त्यात दिवा गेलेला. म्हणून पुष्कळ बायका दुपारपासूनच पाणी तोडतात. हे चूक आहे. लघवी दाट झाली की पिशवीची आग होते, मूतखड्यालाही निमित्त मिळते. पाणी दिवसा भरपूर प्यावे, झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत कमी करावे. जेवणानंतरचा चहा बंद. दारूचे तर बोलायलाच नको. आणि गेलेल्या दिव्यासाठी दहा घरांच्या सह्यांचा अर्ज द्यावा. अंधारात, ओल्या फरशीवर पडून खुबा मोडला तर म्हातारी माणसे अंथरुणाला खिळतात. उठल्यावर मिनिटभर बसून मगच चालावे. उशाशी भांडे ठेवण्यातही लाज नाही.

आम्ही पडलो कारकून, त्यामुळे पुढचा उपाय आम्हाला विशेष पटतो. तीन दिवस वही ठेवावी. किती वाजता गेलो, मापाच्या प्लास्टिकच्या पेल्यात लघवी किती भरली, काय आणि किती प्यालो, हे लिहावे. पहाटे उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्या खात्यात धरावी. म्हाताऱ्या माणसाची रात्रीची बेरीज चोवीस तासांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त आली, तर लघवी रात्री जादा तयार होते आहे. उलट दर खेपेला थोडीथोडीच, शंभर मिलिलिटरच्या आतबाहेर होत असेल, तर पिशवीत किंवा प्रोस्टेटमध्ये बिघाड असू शकतो. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दोन मिनिटे मिळतात. तेवढ्यात ही वही पुष्कळ काही सांगते.

रक्तदाबासाठी लघवी जास्त होणारी गोळी रात्री घेत असाल, तर वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. साखर आणि लघवी मात्र तपासून घ्याच. लघवीत रक्त दिसले, आग होऊन थंडी-ताप आला किंवा लघवी अजिबात अडली, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पूर्ण अडली असेल तर सकाळचीही वाट पाहू नये.